गुत्ता, बाळगोळी आणि खर्रा : वऱ्हाडातील व्यसनांचा इतिहास

१८८४ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात झिंगराजी जाणोरकर नावाचे एक परीट वारले. दारूने आधी त्यांचा संसार पोखरला होता, मग शरीर. मागे पत्नी सखुबाई आणि आठ वर्षांचा मुलगा डेबू राहिला. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेल्या. हा डेबू म्हणजेच पुढचे गाडगे महाराज. मोठेपणी मुलीच्या बारशाला त्यांनी दारू आणि मटणाऐवजी गोड जेवण घातले, तेव्हा भाऊबंद नाराज झाले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर १९५६ मध्ये देह ठेवेपर्यंत ते गावोगावच्या कीर्तनांतून दारू सोडा, कर्ज काढू नका, मुलांना शाळेत घाला हेच सांगत राहिले.

ही गोष्ट आपण मुलांना अनेकदा सांगितली असेल. तिच्यात दडलेला एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. झिंगराजींच्या मृत्यूला जबाबदार कोण? त्यांचा दुबळा निश्चय, पेल्यातले रसायन, की ती दारू गावापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था? वाशीम आणि आसपासच्या वऱ्हाडाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर उत्तराचे धागेदोरे हाती लागतात.

मोहाचे फूल आणि सरकारी लिलाव

दारू इंग्रजांनी आणली असे म्हणणे चुकीचे ठरेल. मोहाची फुले आणि शिंदीचा रस इथल्या माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता. व्यसनाविरुद्धचा उपदेशही तितकाच जुना आहे. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. ते अठराव्या शतकातले. नशेपासून दूर राहा, ही त्यांची शिकवण बंजारा समाजात आजही सांगितली जाते. पदार्थ असल्याशिवाय त्याविरुद्ध उपदेश होत नाही, हे उघडच आहे.

मग बदलले काय? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्या काळी वाशीमला बासीम म्हणत आणि ते एका स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. (१९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला, आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.) नव्या कारभारात आबकारीला, म्हणजे मादक पदार्थांवरील कराला, मोठे महत्त्व आले. हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी रीत अशी होती की दारू गाळण्याचा किंवा विकण्याचा हक्क लिलावात निघे आणि जास्त बोली लावणारा मक्तेदार होई. घरी गाळणे हा गुन्हा ठरला आणि गुत्त्यावर जाऊन विकत घेणे कायदेशीर झाले.

आता मक्तेदाराच्या जागी आपण आहोत असे समजू. लिलावाची रक्कम आधीच कबूल केली आहे. ती भरून काढून वर नफा मिळवायचा, तर एकच मार्ग उरतो : जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त पाजणे. सणासुदीला घरात होणारी गोष्ट अशा रीतीने रोजच्या बाजारातली झाली.

याच सुमारास आणखी एक बदल घडला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाच्या गावांमध्ये रोख पैसा खेळू लागला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण गुत्ते राहिले. रोख पैशाची चटक, पुढे कर्ज, आणि कोपऱ्यावर गुत्ता, या काळात झिंगराजींची पिढी वाढली.

पदार्थाची ताकद हाही एक मुद्दा आहे. शिंदी किंवा मोहाचा रस आंबला, की यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. अल्कोहोल साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास गेले, की ते यीस्टलाच मारक ठरू लागते आणि आंबण्याची क्रिया थांबत जाते. ताज्या शिंदीत तर अल्कोहोल याहून बरेच कमी असते. पण अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. या फरकामुळे ऊर्ध्वपातनाने, म्हणजे भट्टी लावून, चाळीस टक्के किंवा त्याहून तीव्र दारू मिळते. आपण प्रयोगशाळेत शिकवतो तीच ही क्रिया. तिने पेला तेवढाच ठेवून त्यातले विष कितीतरी पट केले.

शाळेचा खर्च कशातून?

या व्यवस्थेवर टीका करणारे त्या काळीही होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात उघडणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांसमोर निरोधने झाली. १९२१ आणि १९३० च्या चळवळींत तर हा गांधीजींच्या कार्यक्रमाचाच भाग होता.

शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये प्रांतांतील शिक्षण आणि आबकारी ही दोन्ही खाती भारतीय मंत्र्यांकडे सोपवण्यात आली. जमीन महसूल मात्र गव्हर्नरच्या हाती राहिला. परिणाम असा झाला, की शाळा काढायच्या तर पैसा दारूतून आणायचा. १९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली तेव्हा गांधीजींनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. दारूबंदी केली तर मुलांचे शिक्षण बंद पडेल, असा पेच पडणे हीच त्यांना क्रूर थट्टा वाटली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीमची कल्पना पुढे आली. शाळेने हस्तोद्योगातून स्वतःचा काही खर्च भागवावा, या आग्रहामागे शिक्षणशास्त्राबरोबरच हेही एक कारण होते. नई तालीम आपण डी.एड.च्या अभ्यासक्रमात वाचतो, पण तिचा गुत्त्याशी असलेला हा संबंध बहुधा आपल्याला कोणी सांगत नाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि काम अर्धवट राहिले. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. गंमत म्हणजे, महाराष्ट्रात आज दारूच्या दुकानांचे परवाने दिले जातात तेही याच दारूबंदी कायद्याखाली. आणि दारूवरील कर हे अजूनही राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन आहे.

झोपलेली बाळे

दुसरा पदार्थ म्हणजे अफू. ती गुत्त्यावर जाऊन गोंधळ घालणाऱ्या पुरुषांची नव्हती. ती घरात, पाळण्याजवळ होती. आईला शेतात निंदणी-वेचणीला किंवा गिरणीत कामाला जायचे असे. लहान मूल रडू नये, ते गाढ झोपावे म्हणून त्याला अफूची बारीक गोळी चाटवत. तिला बाळगोळी म्हणत. पश्चिम हिंदुस्थानात ही प्रथा सर्रास होती. १८९३ ते १८९५ या काळात अफूच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनपुढेही तिचा उल्लेख झाला. कमिशनने मात्र अफूबंदीची शिफारस केली नाही. अफूचे उत्पन्न सरकारला हवे होते.

त्या आयांना आपण निर्दय म्हणू का? मूल सांभाळायला कोणी नाही, मजुरी बुडवता येत नाही, आणि सरकारमान्य दुकानात झोपेची गोळी मिळते. मूल शांत झोपे, म्हणून गोळी गुणकारी वाटे. पण अफूमुळे भूक मरते, बद्धकोष्ठ होते आणि मुख्य म्हणजे श्वास मंदावतो. प्रमाण थोडे चुकले, तर मूल उठतच नसे. जे उठत, त्यातली काही रोड, मलूल आणि गोळीवाचून किरकिरी होत. ज्याला अजून शब्दही फुटले नाहीत, त्या बाळाच्या निश्चयाला आपण दोष देणार का? ‘व्यसन म्हणजे दुबळे मन’ ही समजूत इथे कोलमडते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये, व्यसन म्हणून होणारी अफूची विक्री दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि ३१ मार्च १९५९ ही अखेरची तारीख ठेवली गेली. परवान्याची दुकाने गेली आणि बाळगोळीही हळूहळू मागे पडली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक महत्त्वाची नोंद आहे : आयांची मने वर्षानुवर्षे उपदेशाने बदलली नव्हती, पण पुरवठा आटला आणि दवाखाने व पाळणाघरे वाढली, तसा प्रश्न सुटत गेला.

विजापूर ते पानठेला

तिसरा पदार्थ तंबाखू. ही अमेरिकेतली वनस्पती पोर्तुगिजांबरोबर दख्खनमध्ये आली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने तिथून तंबाखू आणि हुक्का दरबारात नेला. शाही वैद्यांनी त्याला हरकत घेतली, पण तंबाखू पसरायची थांबली नाही. १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, तीही टिकली नाही.

तंबाखूची खरी साथ आली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत, गुटख्याच्या पुडीबरोबर. पूर्वी पान लावायला वेळ लागे, पानदान लागे, मोठ्यांसमोर लाजही वाटे. पुडीने हे तिन्ही अडथळे काढून टाकले. ती स्वस्त होती, गोड वासाची होती, आणि शाळकरी मुलाच्या खिशात मावत होती. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. विदर्भात तिची जागा मोठ्या प्रमाणावर खर्ऱ्याने भरून काढली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटला, की झाला खर्रा तयार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यातले बहुतेक जण ती ओढणारे नव्हते, तर खाणारे होते.

या मिश्रणाने तोंडाच्या आतील नाजूक त्वचेखाली तंतू साचतात, त्वचा पांढरट व कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. भारतातल्या रुग्णांमधील हा विकार मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच नोंदवला होता. त्याची मुख्य दोषी सुपारी आहे. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधान म्हणून फसवे आहे. सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे.

शरीरात काय होते?

तीन पदार्थ तीन प्रकारचे, पण शरीरातला मार्ग बराचसा सारखा. १९५४ साली कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूतील ठरावीक जागी बारीक तारा बसवल्या. खटका दाबला की तिथे विजेचा सौम्य झटका बसे. उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मेंदूत ‘हे पुन्हा कर’ असे सांगणारी एक यंत्रणा असते, हे त्यावरून लक्षात आले. भूक लागल्यावर जेवणे, तहान लागल्यावर पाणी पिणे, अशा जगण्याला लागणाऱ्या गोष्टी आपण विसरू नयेत म्हणून ती असते. डोपामीन हे तिच्यातले महत्त्वाचे रसायन. दारू, अफू आणि निकोटीन ही तिन्ही या यंत्रणेला आडवाटेने गाठतात.

१९७३ मध्ये मेंदूत अफूतील द्रव्ये जिथे बसतात त्या जागा सापडल्या. मेंदूत अफूसाठी कुलूप का असावे? दोन वर्षांनी उत्तर मिळाले. जॉन ह्यूजेस आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी दाखवले, की मेंदू स्वतःच अफूसारखे काम करणारी वेदनाशामक द्रव्ये तयार करतो. अफू म्हणजे त्या कुलपाला लागणारी चोरकिल्ली.

बाहेरून रोज पदार्थ येऊ लागला, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःत बदल करतो. मग तेवढाच परिणाम व्हायला जास्त मात्रा लागते. पदार्थ थांबला, की तोल उलट्या बाजूला जातो. दारू मेंदूची क्रिया मंदावते. मेंदू तिच्याशी झगडून अधिक उत्तेजित राहायला शिकतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, कधी झटके येतात, आणि दोन-तीन दिवसांत भास होऊन तो बेभान होऊ शकतो. ही अवस्था प्राणघातकही ठरू शकते. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून ‘सोडवणे’ धोक्याचे आहे. तिथे डॉक्टर हवा.

शरीराचे नुकसान आपल्याला परिचित आहे. यकृतात अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होते. यकृतात चरबी साचते, सूज येते आणि शेवटी ते घट्ट, निकामी होते. मनाचे नुकसान मात्र स्वभावदोष म्हणून दुर्लक्षिले जाते. चिडचिड, संशय, खोल उदासी, आत्महत्येचे विचार यांमागे दारू असू शकते. ब १ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्मृती कायमची जाऊ शकते. सर्गेई कोर्साकोव्ह या रशियन डॉक्टरने हा विकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वर्णिला होता. उलटही घडते : आधी मन खचते आणि मग माणूस दारूचा आधार शोधतो. दोन्ही एकमेकांना खाली ओढतात.

पाप, गुन्हा की आजार?

१८०४ मध्ये थॉमस ट्रॉटर या ब्रिटिश डॉक्टरने अतिमद्यपान हा मनाचा रोग आहे असे लिहिले, आणि १८४९ मध्ये स्वीडनच्या माग्नुस हुस यांनी त्याला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिले. म्हणजे झिंगराजी वारले तेव्हा हा विचार जगात होता, पण शेंडगावापर्यंत आला नव्हता. तिथे होते फक्त दोन पर्याय : गुत्ता किंवा शिव्या. आपल्याकडे व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहणारे काम उशिरा उभे राहिले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे त्यातले सर्वपरिचित नाव.

पण नुसते आजार म्हणूनही भागत नाही. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते परतल्यावर देशात व्यसनाची लाट येईल अशी भीती होती. १९७० च्या दशकात ली रॉबिन्स यांनी त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा घरी आल्यावर फार थोडे जण पुन्हा व्यसनात अडकल्याचे दिसले. युद्धाची भीती गेली, हाताशी मिळणारे हेरॉइन गेले, घर आणि काम मिळाले. मेंदू तोच होता, परिसर बदलला होता.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. माणूस, पदार्थ आणि परिसर या तिन्ही बाजू मिळून व्यसनाचा त्रिकोण होतो. संत माणसाशी बोलले, वैज्ञानिकांनी पदार्थाचे काम उलगडले, पण परिसराकडे सर्वांत कमी लक्ष गेले. नुसती बंदीही पुरत नाही. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये केलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. चोरटी विक्री, बनावट दारू हे प्रश्न बंदीबरोबर येतात. लोक पाठीशी असतील, उपचार जवळ असतील आणि विकणाऱ्याचा नफा कमी होईल, तिथेच कायदा टिकतो.

शंभर यार्डांची दोरी

आपण काय करू शकतो? एक उपक्रम सुचवतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांना तर ते कुठेच विकता येत नाहीत. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. नववीच्या मुलांना दोरी आणि मोजपट्टी द्यावी, शाळेच्या भोवती हे अंतर मोजून कागदावर प्रमाणात नकाशा काढायला सांगावा आणि त्या वर्तुळात कोणती दुकाने येतात ते मांडावे. यार्डाचे मीटर, वर्तुळ, प्रमाण, नागरिकशास्त्र, सगळे एका तासात येते. नकाशा मुख्याध्यापकांकडे आणि ग्रामपंचायतीकडे द्यावा. दुकानदाराशी मुलांनी वाद घालू नये. ते काम मोठ्यांचे.

वर्गात ज्याचे वडील पितात असे मूल असतेच. त्याच्यासमोर दारुड्याची नक्कल करून हशा मिळवू नये. ‘बाबा वाईट नाहीत, आजारी आहेत, आणि तो आजार तुझ्यामुळे झालेला नाही’ एवढे त्याला एकट्याला बोलावून सांगितले, तरी मोठे काम होते. घरच्यांना जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.

आणि दोरी घेऊन निघण्यापूर्वी आपला स्वतःचा खिसा तपासावा. मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये घोटला जाणारा खर्राही त्या ९१ मीटरच्या आतच येतो. तो सुटत नसेल तर लाज बाळगण्याचे कारण नाही. त्यामागची यंत्रणा आपण वर पाहिलीच आहे. पण ‘मीही सोडायचा प्रयत्न करतो आहे’ असे मुलांना सांगणारा शिक्षक, व्यसनावरचा सर्वांत खरा धडा शिकवत असतो.